'डॉन किहोते' वाचण्याआधी आमादिस माहीत असायलाच हवा का?

रानवाट (धागाकर्ती)
'डॉन किहोते' (सेर्व्हान्तेसची स्पॅनिश कादंबरी, पहिला भाग १६०५, दुसरा १६१५) दुसऱ्यांदा वाचलं आणि मत पक्कं झालं. लान्सलॉट, रोलँड, आमादिस हे जुन्या शौर्यकथांतले नाइट आधीपासून ओळखीचे नसतील तर निम्मं पुस्तक हातून निसटतं. अशा कथा वाचून स्वतःला नाइट समजणारा किहोते सिएरा मोरेनाच्या डोंगरात विरहाने वेडं व्हायचं ठरवतो. पण कुणासारखं? प्रेयसी दुसऱ्याची झाली म्हणून झाडं उपटत सुटलेल्या रोलँडसारखं, की तिने झिडकारल्यावर आश्रमात जाऊन रडत बसलेल्या आमादिससारखं? तो आमादिस निवडतो. आमादिसची कथा १५०८मध्येच छापून आली होती, तेव्हाच्या स्पॅनिश वाचकाच्या ती ओळखीची. आपल्याला ती समजावून सांगावी लागते, आणि तिथेच रंग उडतो.

शाईचा डाग
अजिबात पटलं नाही. या दोन्ही कथा किहोते स्वतःच आपल्या सेवकाला, सांचोला सांगतो की! सेर्व्हान्तेसने वाचकाला उपाशी ठेवलेलं नाही. दुसऱ्या प्रकरणातली सराई आठवा. दारातल्या दोघीजणी त्याचं चिलखत उतरवतायत आणि हा लान्सलॉटचं कवन म्हणतोय, लान्सलॉटच्या जागी स्वतःचं नाव घालून. त्यांना काही उमगत नाही. त्या एवढंच विचारतात, काही खाणार का? पहिल्यांदा वाचलं तेव्हा लान्सलॉट कोण हे मलाही ठाऊक नव्हतं, तरी गळा दाटून आला.

कोजागिरी
+१. दर ओळीला तळटीप बघायला थांबलं की लय जाते.

रानवाट
@शाईचा डाग, गळा माझाही दाटतो. पण मूळ कवनात लान्सलॉट ब्रेतान्याहून येतो, किहोते तिथे 'आपल्या गावाहून' म्हणतो. मूळ ओळ कानात असेल त्यालाच तो बदल टोचतो. 'त्याचा अभिमन्यू झाला' म्हटल्यावर आपल्याला कुणी चक्रव्यूह समजावतं का? तळटिपेतून माहिती मिळते, ते टोचणं मिळत नाही.

शाईचा डाग
अभिमन्यूचं मान्य. पण डोंगरातली जपमाळ घ्या. आमादिसजवळ निदान एक साधू होता. याच्याजवळ कुणी नाही, साधी माळसुद्धा नाही. मग पहिल्या आवृत्तीत तो सदऱ्याची लोंबती कड फाडतो, तिला अकरा गाठी मारतो, त्यातली एक जाड, आणि त्यावर जप करत बसतो. त्या गाठी कुठल्याही जुन्या कथेतल्या नाहीत. त्या फक्त त्याच्या आहेत.

रानवाट
आणि तरी तुम्ही आत्ता आधी आमादिसचा साधू सांगितलात, मग गाठी.