वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत ४,००० फोल्डर, सगळंच अडखळतंय

गावठाण:
जुन्या छायाचित्रांचा संग्रह आहे. तालुका, गाव, विषय अशी उतरंड, सुमारे ४,००० फोल्डर आणि ६०,००० चित्रं. फोल्डर दाखवणाऱ्या प्लगिनमध्ये (वर्डप्रेसला जोडलेल्या प्रोग्रॅममध्ये) प्रत्येक फोल्डर म्हणजे टॅक्सॉनॉमीतली (वर्डप्रेसच्या वर्गीकरणातली) एक टर्म, म्हणजे एक वर्ग. गावाचा फोल्डर लगेच उघडतो, तालुक्याच्या फोल्डरला १२-१५ सेकंद लागतात. स्क्रिप्टने फोल्डर बनवताना सुरुवातीचे शंभर भराभर होतात, पुढे प्रत्येकाचा वेळ वाढत जातो. अपलोडही हळू. रॅम दुप्पट केली, फरक शून्य.

क्वेरीतपासनीस:
ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि रॅमशी एकाचाही संबंध दिसत नाही. तालुक्याचं आधी सांगतो. उतरंडीच्या टॅक्सॉनॉमीत 'इन्क्लूड_चिल्ड्रन' (खालच्या टर्मही धरण्याची सोय) मुळात चालू असतं. त्यामुळे तालुका निवडला की खालच्या सगळ्या गावांचे नि विषयांचे आयडी डेटाबेसला विचारलेल्या एकाच क्वेरीत भरले जातात, शिवाय पानांसाठी एकूण चित्रं मोजली जातात. क्वेरी मॉनिटर हे क्वेरी दाखवणारं प्लगिन लावलंत की ती लांबलचक यादी दिसेल. प्लगिनमध्ये उपफोल्डरमधल्या फाइल्स दाखवण्याची सेटिंग असेल तर बंद करा. नसेल तर 'अजॅक्स_क्वेरी_अटॅचमेंट्स_आर्ग्ज' फिल्टरमध्ये (लायब्ररीची क्वेरी बदलू देणाऱ्या जागी), प्लगिनचा कोड चालून गेल्यावर आपला चालेल अशा प्रायॉरिटीला, टॅक्स क्वेरीतलं ते मूल्य फॉल्स करा.

टर्मटेबल:
स्क्रिप्टचं कारण असं: प्रत्येक नव्या टर्मनंतर वर्डप्रेस त्या टॅक्सॉनॉमीच्या नावापुढे '_चिल्ड्रन' असलेला ऑप्शन (डेटाबेसात साठवलेली उतरंडीची नोंद) पुसतं आणि अख्खी उतरंड नव्याने बांधतं. चार हजारावा फोल्डर बनवताना आधीचे सगळे पुन्हा वाचले जातात. फोल्डर बनवणाऱ्या लूपआधी 'डब्ल्यूपी_सस्पेंड_कॅश_इनव्हॅलिडेशन' (कॅश, म्हणजे तात्पुरती साठवलेली माहिती, पुसणं थांबवतं) आणि 'डब्ल्यूपी_डिफर_टर्म_काउंटिंग' (टर्मची मोजणी पुढे ढकलतं) दोन्ही ट्रू करा, संपल्यावर फॉल्स. मग तो ऑप्शन स्वतः डिलीट करून उतरंड नव्याने बांधणारं '_गेट_टर्म_हायरार्की' चालवा. हे शेवटचं राहिलं तर टर्म टेबलात असतात, पण झाडात दिसत नाहीत. डेटा गेला असं वाटून लोक स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवतात! पालक फोल्डरचा आयडी नावाने शोधू नका, कॅश शिळी असते. टर्म बनवताना परत येणारा आयडी अ‍ॅरेत (स्क्रिप्टमधल्या यादीत) ठेवा.

गावठाण:
उपफोल्डर वगळल्यावर तालुका दीड सेकंदात उघडला. स्क्रिप्ट आज रात्री. अपलोडचं काय? सेटिंग्ज > मीडियामधली अपलोड महिना-वर्षाच्या फोल्डरांत लावण्याची खूण काढलेली आहे.

क्वेरीतपासनीस:
मग तेच कारण. प्लगिनचे फोल्डर फक्त डेटाबेसात असतात, डिस्कवर सगळं एकाच 'अपलोड्स' डिरेक्टरीत साठलंय. मोठ्या चित्राच्या आठ फाइल्स होतात: मूळ, २५६० पिक्सेलची 'स्केल्ड', आणि १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ हे सहा आकार. ६०,००० चित्रांच्या पावणेपाच लाखांवर जातात. नवीन नाव आधीच्या कुठल्या फाइलशी धडकतं का हे बघायला दर अपलोडला ती अख्खी डिरेक्टरी वाचली जाते. खूण करा, यापुढच्या फाइल्स महिन्याच्या डिरेक्टरीत जातील. जुन्या मात्र एफटीपीने हलवू नका. पोस्टमेटा या डेटाबेसच्या टेबलात नोंदलेला फाइलचा मार्ग आणि लेखांतले दुवे दोन्ही तुटतात.