या आठवड्यात लाइव्ह ऐकायला कुठे जाऊ? वाजवणाऱ्यांनी सांगा

नवा_श्रोता: शनिवारी रात्री मोकळा आहे, शहरात तीन प्रोग्रॅम आहेत, मैदानावर मोठा रॉक बँड, छोट्या हॉलमध्ये जॅझ ट्रायो आणि एक सतारीची बैठक, जमेल ते एकच, तर जे स्वतः वाजवतात ते कुठे जातील?

बेसवाला: डोळे झाकून ट्रायो. पियानो, डबल बेस, ड्रम्स, तिघंच असतात त्यामुळे कोण काय करतंय ते सगळं कळतं, ड्रमर ब्रशनी स्नेअर (समोरचा छोटा ड्रम) घासतो ना, तो आवाज मैदानात हरवूनच जातो. पियानोचा सोलो चालू असताना बाकीच्या दोघांकडे बघ, खरी मजा तिथे असते. फक्त भिंतीला टेकून बसू नकोस, बेस तिथे नुसता घुमतो.

तबला_प्रेमी: मी तर बैठकच म्हणेन. पुढे बसलास तर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) घेताना ओढलेली तार दिसते अक्षरशः. आणि प्लीज वेळेवर जा रे, लोक तबला सुरू झाल्यावर येतात आणि आलाप घालवतात, राग उलगडतो तो तिथेच.

साउंडवाला: मैदानावर गेलासच तर साउंड मिक्सरच्या (आवाज जुळवायच्या टेबलाच्या) आसपास उभा राहा, इंजिनिअर तिथूनच ऐकून बॅलन्स करतो. इअरप्लग मात्र ने, १०० डेसिबलला साधारण १५ मिनिटांत कानाची दिवसभराची मर्यादा संपते, ही चेष्टा नाही.

नवा_श्रोता: ठरलं, ट्रायो! आजच बुक करतो.