मदत हवी आहे: जुन्या कॉटेजची बिडाची पन्हळ बदलायची आहे, काय लावू?

डर्बीकर
नमस्कार मंडळी. इंग्लंडात डर्बीशायरमध्ये, बेल्परच्या जवळपास, आमचं रांगेतलं एक जुनं घर आहे. १८८०च्या सुमाराची विटांची कॉटेज, वर वेल्श स्लेट, पुढच्या बाजूला मूळची बिडाची पन्हळ. मागची पन्हळ आधीच्या मालकाने कधीतरी प्लास्टिकची करून टाकली, तीही आता सांध्यांत उघडी पडते.

पुढची परिस्थिती अशी: दोन सांध्यांतून ठिबकतंय. एका ठिकाणी पाठीमागच्या अंगाला इतका गंज आहे की पेचकस टोचला तर आरपार गेला. त्याच्या बरोबर खाली विटांवर हिरवा पट्टा उमटलाय आणि आत वरच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल आली आहे.

दोन बिल्डर येऊन बघून गेले. एक म्हणाला, सगळं काढून काळं प्लास्टिक लावू, एका दिवसात मोकळे व्हाल. दुसऱ्याने अ‍ॅल्युमिनियम सुचवलं, तो भाव ऐकून नवऱ्याने हातातला चहा खाली ठेवला. बिडाचं नाव काढल्यावर मात्र दोघांनी एकाच तऱ्हेने मान हलवली. घराचा चेहरा बिघडू नये एवढीच इच्छा आहे, पण खिशालाही तळ आहे. इथे कुणी हे केलंय का?

खडूस_काका
आधी चार गोष्टी सांगा, मग सल्ला.
घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत, आहे का? नसेल तर कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात, आहे का? पन्हळ अर्धगोल आहे की समोरून वळणदार? आणि पाणी खाली आणणारा उभा पाइप नेमका कुठे आहे, तुमच्या हद्दीत की शेजाऱ्याच्या?
हे कळल्याशिवाय प्लास्टिक की बीड ही चर्चा म्हणजे बाजारात तुरी.

डर्बीकर
काका, लिस्टेड नाही. कॉन्झर्व्हेशन एरिया आहे. पन्हळ वळणदार, समोरून इंग्रजी एस आडवा पडल्यासारखी. ब्रॅकेट कुठेच दिसत नाहीत, सरळ लाकडी फॅशियावर (छपराच्या कडेच्या फळीवर) ठोकलेली आहे. उभा पाइप शेजारच्या घराच्या पलीकडच्या टोकाला. म्हणजे आमच्या छपराचं पाणी त्यांच्या पन्हळीतून जातं.

देवरुखी
आमच्याकडे पोफळ उभी चिरून, आतला गाभा काढून पन्हळ करायचे. दोन-चार पावसाळे काढते, मग दुसरी पोफळ. तुमचं लोखंड दीडशे वर्षं टिकलं आणि तुम्ही तक्रार करताय :)

खडूस_काका
देवरुखी, पोफळ डर्बीशायरमध्ये उगवत नाही, नाहीतर तीही सुचवली असती.

डर्बीकर, तुमच्या पन्हळीला इथे ओजी म्हणतात. तुमच्या भागात तर नॉट्स ओजी नावाचा खास आकारच आहे, नॉटिंगहॅमशायरवरून नाव पडलेला. तो हाच असेल तर जुळणारे नवे तुकडे मिळणं बरंच सोपं. ओजीची एक खोड असते. अर्धगोल पन्हळ ब्रॅकेटवर बसते, तिच्या मागून हात घालून रंग लावता येतो. ओजी फॅशियाला चिकटून बसते, म्हणून तिच्या पाठीला एकदा बसवल्यावर कधीच रंग लागत नाही. तुमचा पेचकस आरपार गेला तो तिथेच गेला, दुसरीकडे कुठे जाणारच नव्हता. पुढून बघाल तर ती ठणठणीत दिसते.

आता कायदा. लिस्टेड नाही म्हणजे मोठं जोखड नाही. लिस्टेड असतं आणि विनापरवानगी बीड काढून प्लास्टिक लावलं असतं, तर १९९०च्या कायद्याने तो थेट फौजदारी गुन्हा झाला असता. नुसत्या कॉन्झर्व्हेशन एरियात घराची पन्हळ बदलायला सहसा परवानगी लागत नाही. पण आर्टिकल ४ नावाचं एक प्रकरण असतं. ते लागू असेल तर कौन्सिल दर्शनी भागातले बारीकसारीक बदलही आपल्या हातात घेऊ शकते. क्रॉमफर्ड, बेल्पर हा सगळा पट्टा २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आर्कराइट नावाच्या उद्योजकाने १७७१ साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली ती तिथलीच. अशा ठिकाणी कौन्सिल डोळ्यांत तेल घालून असते. कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला दोन ओळींचा मेल टाका. आहे तेच, त्याच आकारात, त्याच धातूत बदलणार असाल तर बहुधा कुणी अडवणार नाही.

मिडलँड्सची_मावशी
डर्बीकरताई, पन्हळ विकत घेण्याआधी मोजमाप करून घ्या. बिल्डर लोक सरसकट ११२ मिलिमीटरचं अर्धगोल प्लास्टिक आणतात, कारण दुकानात तेच पडलेलं असतं.

इथल्या बांधकाम नियमांत, एच भागात, सोपा हिशेब आहे. छपराची जमिनीवर पडणारी मापं घ्यायची आणि उताराप्रमाणे वाढवायची: ३० अंशांना १.२९ ने, ४५ अंशांना १.५ ने गुणायचं. तुमचं घर समजा ५ मीटर रुंद आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत आडवं अंतर ४ मीटर. झाले २० चौरस मीटर, तीव्र उतार धरून ३०. १०० मिलिमीटरची अर्धगोल पन्हळ एका टोकाला निचरा असताना ३७ चौरस मीटरपर्यंत चालते. म्हणजे एकट्या घराला पुरे.

पण तुमचं एकट्याचं नाहीच ना! शेजाऱ्याचं धरून ६० झाले. ११५ची पन्हळ ५३ पर्यंत, १२५ची ६५ पर्यंत. म्हणजे पाच इंची लागते. हे आकडे अर्धगोलाचे आहेत, ओजीची क्षमता तिच्या कारखान्याच्या तक्त्यात बघावी लागेल. आणि दोन घरांच्या मधोमध हद्दीवर नवा उभा पाइप बसवता आला तर प्रत्येक बाजूला तीसच उरतात. फक्त खाली त्या पाण्याला जायला ड्रेन हवं.

शेजाऱ्यांशी बोलणं तर आलंच. तुम्ही तुमच्या हद्दीपर्यंत प्लास्टिक लावलंत तर ते त्यांच्या बिडाला कसं जोडणार? जोडणीचे तुकडे मिळतात, पण थंडी-उन्हात प्लास्टिक बिडाच्या कितीतरी पट जास्त आखडतं-पसरतं. चार मीटरची पट्टी तीस अंशांच्या फरकात सहा-सात मिलिमीटर हलते. तो सांधा गळणार म्हणजे गळणारच.

नीलपक्षी
प्लास्टिकला एवढी नावं कशाला? हल्ली बिडासारखा पोत असलेलं काळं प्लास्टिक येतं, रस्त्यावरून फरक कळत नाही. मी लावलंय, सात-आठ वर्षं झाली, मस्त चाललंय. स्वस्त, हलकं, रंगवायची कटकट नाही.

खडूस_काका
तुमचं घर कधीचं?

नीलपक्षी
१९७४चं :)

खडूस_काका
मग तुमच्या घराला शोभतंय. १९७४च्या घराला बीड लावलंत तर मीच हसेन.

जुन्या घरात नजर खटकते ती रंगावर नाही, सांध्यांवर. बिडाचे तुकडे सहा फुटी असतात, म्हणजे दर १.८३ मीटरला एक जाडसर सांधा. डोळ्याला त्या लयीची सवय असते. प्लास्टिकची चार मीटरची पट्टी मधे झोळीसारखी लोंबते आणि सांध्यावर क्लिपा दिसतात. ओतीव अ‍ॅल्युमिनियम मात्र त्याच सहा फुटी तुकड्यांत, त्याच ओजी आकारात मिळतं, वजनाला बिडाच्या पासंगालाही नाही, आणि गंजत नाही. डर्बीकर, दुसऱ्या बिल्डरने दिलेला भाव ओतीव मालाचा होता की पट्टी जागेवर वळवून केलेल्या सलग पन्हळीचा, ते विचारा. दोन्हींना अ‍ॅल्युमिनियमच म्हणतात, दिसायला जमीन-अस्मानाचा फरक.

डर्बीकर
विचारलं. सलग पन्हळीचा होता! ओतीवचा आणखी महाग. म्हणजे बीडच बरं पडेल का?

चुना_आणि_वीट
उशिरा आलो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

सगळी पन्हळ बदलायची गरज आहे, हे कुणी ठरवलं? तुमच्या वर्णनावरून एक तुकडा गेलाय आणि दोन सांधे. बिडाचा सांधा म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर चढवून मधे पुट्टी आणि खालून एक बोल्ट. पुट्टी वाळून भुगा होते, बोल्ट गंजून तुटतो, पन्हळ तशीच धडधाकट असते. बोल्ट कापायचा, दोन्ही तोंडं घासून स्वच्छ करायची, नवं सीलंट, नवा बोल्ट. सडलेला तुकडा तेवढा नवा आणायचा. जुनं माप इंचांत, नवं कधी मिलिमीटरमध्ये, आणि प्रत्येक ओतशाळेचा ओजी किंचित वेगळा. म्हणून जुना तुकडा कापून, त्याचं तोंड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गिरवून तो पुठ्ठा दुकानदाराला दाखवा. फोनवर 'साडेचार इंची ओजी' एवढंच सांगून मागवू नका. जुन्या सामानाच्या यार्डांतही डोकवा, पण पाठीवर हातोडीने हलके ठोकून बघा. टण्ण वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर चीर आहे.

पन्हळ खाली उतरवाल तेव्हा एकदाच काय ते पाठीला रंग लावून घ्या. झिंक फॉस्फेट प्रायमर, मग अंडरकोट, मग ग्लॉस. आतून डांबरी रंग, पण तो बाहेरच्या तेलरंगाखाली आला तर तपकिरी डाग वर फुटतात, तेव्हा काठावर जपून. जुन्या रंगात शिसं असणार हे धरूनच चाला: कोरडं घासायचं नाही, जाळायचं तर मुळीच नाही, पाणी लावून घासा आणि मुखवटा घाला. उतरवताना खाली दोन माणसं हवीत, सहा फुटी बीड शिडीवर एकट्याने पेलायची वस्तू नाही.

उभ्या पाइपामागे हातआरसा धरून बघा. पाइप फाटतो तो नेहमी भिंतीकडच्या बाजूने, आणि पुढून वर्षानुवर्षं कळत नाही. परत बसवताना मागे खुंट्या देऊन भिंतीपासून इंचभर सोडवून बसवा.

देवरुखीच्या मुद्द्यात तथ्य आहे, उलट्या बाजूने. कोकणातल्या घराला पन्हळ नसली तरी पाखं भिंतीच्या पुढे हात-दोन हात येतं, पागोळ्या अंगणात पडतात. या कॉटेजची वळचण चार-सहा इंचांपलीकडे नाही. वरून पाऊस कोकणाच्या मानाने थेंबभर, पण तो रोजचा. पन्हळ चुकली की सगळं पाणी त्याच विटेवर. विटा मऊ, दर्जा (विटांमधले सांधे) चुन्याच्या. मधल्या काळात कुणी सिमेंटने दर्जा भरल्या असतील तर आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. खोलीतल्या ओलीवर लगेच रसायनाची इंजेक्शनं मारून घेऊ नका. पन्हळ दुरुस्त करा आणि भिंतीला एक अख्खा उन्हाळा द्या.

मिडलँड्सची_मावशी
हे वाचून मी पण आमच्या पाइपामागे आरसा धरून आले. सांगत नाही काय दिसलं.

डर्बीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफिसरचं उत्तर आलं: दर्शनी बाजूला आर्टिकल ४ आहे, पण त्याच आकाराचं बीड किंवा ओतीव अ‍ॅल्युमिनियम चालेल, प्लास्टिक नको. पुढच्या बाजूला एक तुकडा बिडाचा नवा, बाकी उतरवून रंगवून परत. मागे अ‍ॅल्युमिनियमची साधी अर्धगोल. शेजारचे आजोबा परांचीचा अर्धा खर्च द्यायला तयार झालेत, कारण त्यांनाही खिडकी रंगवायची आहे.
शेवटचा प्रश्न: पन्हळ सपाट बसवायची की उतार द्यायचा? आणि रंग काळाच का?

चुना_आणि_वीट
किंचित उतार. दहा फुटाला पाव-पाऊण इंचाच्या मधे, त्याहून जास्त दिला तर स्लेटच्या ओळीपुढे पन्हळ वाकडी दिसते. ब्रॅकेट नसल्यामुळे तुमचा उतार फॅशियावर दोरी मारूनच धरावा लागेल. दोरी उभ्या पाइपाकडून मारायला घ्या, उलटीकडून घेतली की वळचणीचं पाणी आढ्याला गेल्याशिवाय राहत नाही.
रंग काळाच असा काही नियम नाही. व्हिक्टोरियन काळात पन्हळ बऱ्याचदा खिडक्या-दारांच्या रंगात रंगवत. जुना रंग पापुद्र्या-पापुद्र्याने खरवडून बघा, सगळ्यात खाली काय निघतं ते इथे फोटोसकट टाका. आणि खरवडण्याआधी ओला फडका विसरू नका.