एक्स(३८७२) चं शिखर पसरट येतंय, चूक कुठे होतेय?

क्वार्कवाला: बेल-२ (जपानमधला इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींचा प्रयोग) सारख्या सिम्युलेशनवर एक्स(३८७२) हा कण शोधतोय: बी⁺ → के⁺ π⁺π⁻ जे/साय, यात एक्स मोडून दोन पायॉन (π) आणि जे/साय (चार्म-प्रतिचार्म क्वार्कांचा मेसॉन) होतात. जे/साय म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन दोन्हींतून. जे/सायला मास-कन्स्ट्रेंट फिट (वस्तुमान ज्ञात किमतीवर बांधणारा) लावलाय आणि ३०९६.९ एमईव्हीभोवतीच्या खिडकीत जवळपास सगळेच कँडिडेट (संभाव्य जोड्या) बसतात. एमबीसी (बीमच्या ऊर्जेवरून काढलेलं बीचं वस्तुमान) ५.२७ जीईव्हीच्या वर, डेल्टा-ई (बीची ऊर्जा आणि बीमची ऊर्जा यांतला फरक) ±३५ एमईव्ही. तरी ३८७२ चं शिखर २०-२५ एमईव्ही रुंद दिसतं आणि इलेक्ट्रॉनमध्ये डावीकडे लांब शेपूट. खरी रुंदी तर साधारण १ एमईव्ही ना?

तिसरा_क्वार्क: "जवळपास सगळेच बसतात" इथेच घोळ आहे. कन्स्ट्रेंट फिटने प्रत्येक जोडी ओढून ३०९६.९ वरच आणली, मग खिडकी कापणार काय? खिडकी फिटच्या आधीच्या वस्तुमानावर लावा. म्यूऑनला −६० ते +३६, इलेक्ट्रॉनला −१५० ते +३६ एमईव्ही, ब्रेम्सस्ट्राह्लुंगमुळे (इलेक्ट्रॉन वाटेत फोटॉन सोडून ऊर्जा गमावतो) डावी बाजू सैल. इलेक्ट्रॉनच्या दिशेपासून ५० मिलिरेडियनच्या आतले फोटॉन आधी परत जोडा, शेपूट बरीच आखडते.

रुंदीचं कारण बहुधा वेगळं. फिट केला, पण π⁺π⁻ℓ⁺ℓ⁻ चं (ℓ म्हणजे लेप्टॉन, इथे इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन) वस्तुमान जुन्याच लेप्टॉन संवेगांवरून काढताय का? एकदा वजाबाकी करून बघा: एम(ππℓℓ) − एम(ℓℓ). लेप्टॉनची चूक दोन्हींत सारखीच असते, ती बरीचशी कटते. साय(२एस) (जे/सायची उत्तेजित अवस्था, तीही ππ जे/सायमध्ये मोडते) ५८९ वर आणि एक्स ७७५ वर टोकदार दिसायला हवेत. २००३ मध्ये बेलने १५.२ कोटी बी-जोड्यांतून जेमतेम ३६ घटनांचं शिखर दाखवलं ते याच फरकावर.

π_शून्य: पार्श्वभूमीसाठी एक भर. फोटॉनच्या रूपांतरातले ई⁺ई⁻ पायॉन समजले गेले तर एम(ππ) २७९ च्या जरासं वर ढीग लागतो. एक्समधले ππ वरच्या टोकाला, रो मेसॉनजवळ गोळा होतात, म्हणून ४०० एमईव्हीखालचं कापलं तर फारसं बिघडत नाही. पण तोच कट साय(२एस)लाही लावलात तर त्याची कार्यक्षमता (किती खऱ्या घटना कटातून वाचतात) वेगळी मोजा.

क्वार्कवाला: लेप्टॉन खरंच जुनेच होते. आता टोकदार आलं. रुंदी मोकळी सोडून फिट करू?

तिसरा_क्वार्क: नको. डिटेक्टरचं रिझोल्यूशन काही एमईव्ही आहे, त्यात १ एमईव्ही बुडून जाते. फिट पार्श्वभूमीच्या चढउताराला रुंदी म्हणेल. साय(२एस)वर डेटा आणि सिम्युलेशन यांच्या रुंदीचं गुणोत्तर काढा आणि ते एक्सच्या सिम्युलेशन रुंदीला लावा. साय(२एस)चं रिझोल्यूशन जसंच्या तसं उचलू नका, तिथे पायॉन मंद असतात.

आणि ब्राइट-विग्नरचा (शिखराच्या नेहमीच्या सूत्राचा) आकडा फार मनावर घेऊ नका. डी⁰ आणि डी*⁰ मेसॉनांच्या वस्तुमानांची बेरीज ३८७१.७ एमईव्ही, एक्स तिथेच चिकटलेला. उंबरठ्यावर शिखराचा आकारच बदलतो, तिथे उंबरठा हिशेबात धरणारं फ्लाटे सूत्र लागतं. तो खरोखर या दोन मेसॉनांचा रेणू असेल आणि बंधनऊर्जा E ०.१ एमईव्ही असेल, तर आकार √(२μE) वरून (μ म्हणजे दोघांचं लघुकृत वस्तुमान) सुमारे १४ फेम्टोमीटर निघतो, म्हणजे शिशाच्या केंद्रकाच्या त्रिज्येच्या दुप्पट!

π_शून्य: टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) मुंबईच्या गटाने बेल-२ च्या सिलिकॉन डिटेक्टरचा चौथा थर बांधलाय. शिरोबिंदू फिटला (कण जिथून निघाले तो बिंदू काढणाऱ्या) डेटा मिळतो तो अशा थरांतूनच. कन्स्ट्रेंटआधी शिरोबिंदू फिट करताय ना? त्याचा काय-वर्ग (χ², फिट किती जुळतो याचं माप) खूप घट्ट कापू नका, मंद पायॉन आधी जातात.