घरी अ‍ॅनोडायझिंग: काळा रंग राखाडीच बसतो आणि पुसला की निघतो

कानस (प्रश्न):
अ‍ॅसिडमध्ये वीज सोडून अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवतोय, मग त्यावर रंग. ६०६३ (अ‍ॅल्युमिनियमचा एक मिश्रधातू) ची पट्टी, १० × ५ सेंमी, ३ मिमी जाड. बॅटरी अ‍ॅसिड आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, तांब्याच्या तारेवर टांगून १२ व्होल्टला अर्धा तास. रंग राखाडी, मधे डाग, फडक्याला लागतो. रंगच खराब आहे का?

पानापक्कड:
आधी तार बदला. तांबं अ‍ॅसिडमध्ये विरघळतं, करंट तिकडेच वाया जातो. अ‍ॅल्युमिनियमची तार भोकात घट्ट ठोकून बसवा. सैल राहिली तर टेकल्या जागीही ऑक्साइड धरतो आणि करंट बंद. दर खेपेला नवी तार.

व्होल्टेजपेक्षा करंट धरा. कडा धरून पट्टीचं क्षेत्रफळ १.१ चौरस डेसिमीटर, प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे एकूण १.६-१.७. थराची जाडी मायक्रॉनमध्ये = ०.३ × दर चौ. डेसिमीटर अँपिअर × मिनिटं. अर्ध्या तासात १३-१४ होतात. लाल-निळ्याला पुरेत, गडद काळ्याला २० हवेत. ४५ मिनिटं ठेवा.

रंगाआधी मल्टिमीटरची टोकं हलकेच टेकवा. बीप वाजली तर थर नाही, रंग फुकट घालवू नका.

सोडाखार:
डाग बहुतेक तेलाचे. साबणाने घासा, मग कॉस्टिक सोडा ५० ग्रॅम/लिटर, कोमट, एक-दोन मिनिटं. धुतल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब-थेंब झालं तर परत. पुढे उघडा हात लावायचा नाही.

फडक्याला लागतो त्याची दोन कारणं. अ‍ॅसिड २२ अंशांच्या वर गेलं की तयार होणारा थर तेच खातं, उरतो तो भुसभुशीत. मे महिन्यात टाकी परातीत ठेवून भोवती बर्फाच्या बाटल्या लावा. दुसरं, सीलिंग, म्हणजे थराची छिद्रं मिटवणं. रंग (काळा १० ग्रॅम/लिटर, ५५-६० अंश, १५ मिनिटं) झाला की डिस्टिल्ड वॉटर ९६ अंशांवर, मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं. रंगाआधी मात्र गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने छिद्रं मिटतात.

आणि अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, उलट नाही. कॅथोडवर (ऋण टोकावर) हायड्रोजन सुटतो, खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नको.

कानस:
कार्ब्युरेटरचं ओतीव झाकण चालेल?

पानापक्कड:
नाही. असलाच तर तो अ‍ॅल्युमिनियम सिलिकॉनचा, राखाडी आणि चट्ट्याचट्ट्यांचा निघेल. बरीच झाकणं तर जस्ताची असतात, ती अ‍ॅसिडमध्येच जातील. त्याला पावडर कोटिंग करा.