पूर ओसरल्यावर नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर: कधी यावं? (मदत हवी आहे)

शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूरकडचं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

आत्याला वाडीला आणायचं आहे. वय झालंय, गुडघे साथ देत नाहीत, पण दत्ताच्या पादुकांचं दर्शन घेतल्याशिवाय तिला चैन पडणार नाही. दक्षिणद्वार झालं (म्हणजे नदीचं पाणी पादुकांवरून वाहत देवळाच्या दक्षिण दारानं बाहेर पडलं), नंतर पाणी आणखी चढलं आणि आता उतरतंय, एवढं बातम्यांतून कळलं. पण बातम्या सगळ्या कोल्हापूरच्या. तिथल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीखाली गेलं म्हणून वाडी लगेच मोकळी होत नाही. वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आहे; कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेला पुढे सरकायला वाट मिळत नाही आणि शिरोळ भागात पाणी तुंबून राहतं. म्हणून तिथल्याच माणसांना विचारतोय.

मुख्य काळजी घाटाची. पाणी गेल्यावर पायऱ्यांवर जो गाळ बसतो तो वरून वाळलेला दिसतो, भेगासुद्धा पडतात, आणि पाय ठेवला की खालचा ओला थर सटकतो. घाट धुऊन झालाय का? नदीपर्यंत उतरायचा हट्ट नाही, देवापर्यंत धरून नेता आलं तरी पुरे. उत्सवमूर्ती वर हलवली होती ती परत देवळात आली का, हा आत्याचा पहिला प्रश्न आहे.

दुसरं, खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप तिला एकदा दाखवायचाय. ४८ खांब आणि वर छताच्या मधोमध उघडं आकाश, हे तिनं फक्त फोटोत पाहिलंय. त्रिपुरी पौर्णिमेला यावं असं बरेच जण सुचवतात, पण त्या गर्दीत तिला उभं राहणं जमणार नाही. कुरुंदवाडवरून जाणारा रस्ता चारचाकीला ठीक आहे का? पुरानंतर डांबर शाबूत दिसतं आणि साइडपट्टी खचलेली असते, समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की गाडी खाली घ्यायची भीती वाटते.

आणि खरं सांगा, आत्ता आलेलं चालेल का? लोक घरातला चिखल उपसतायत, गाद्या आणि धान्य उन्हात घातलंय, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघतायत, अशा वेळी पूर बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांत आपली भर नको. फोटो काढत हिंडणं तर मला मुळीच पटत नाही. दुसरीकडे, पेढ्यांची आणि हारफुलांची दुकानं उघडली असतील तर त्यांना गिऱ्हाईक हवंच असणार.

येताना गाडीत जागा आहे. जुने कपडे आणणार नाही, त्यांचे ढीग तसेच पडून राहतात. फिनेल, ब्लीचिंग पावडर, चटया, शाळेच्या वह्या यांतलं काय उपयोगी पडेल आणि कुठे द्यावं?

शनिवार-रविवार सोडून कुठलाही वार चालेल. अजून आठवडाभर थांबा म्हणालात तर थांबू.