गेममधल्या संगीताला 'पार्श्वसंगीत' म्हणायचं का?

अर्धविराम: एका लेखाचं भाषांतर करतेय, विषय व्हिडिओ गेममधलं संगीत. पहिलं पानभर बिनधास्त 'पार्श्वसंगीत' लिहिलं आणि दुसऱ्या पानावर गाडी अडली. मजकूर असा: शत्रू जवळ आला की संगीत बदलतं, तुम्ही मागे फिरलात की पुन्हा निवळतं. हे पार्श्वसंगीत कसं? सिनेमात मी खुर्चीत झोपले तरी ते वाजायचं तसंच वाजणार. इथे मी काय करते त्यावर त्याचं वाजणं ठरतंय. संपादक म्हणतात 'अनुकूली संगीत' लिहा. मला ते सरकारी योजनेचं नाव वाटतं. शुक्रवारी द्यायचंय, कुणी सुचवा.

शुद्धमती: 'परिस्थित्यनुरूप संगीत'. अर्थ चोख बसतो.

पडीक: बसतो. पण म्हणून होईपर्यंत माझा मारिओ खड्ड्यात.

तिहाई: शब्द बदलायची गरजच नाही. संस्कृतात पार्श्व म्हणजे बाजू, कूस. मागचं नव्हे. पार्श्वसंगीत म्हणजे बाजूने चालणारं संगीत.

पडीक: मग पार्श्वभाग कुठल्या बाजूला असतो हो?

तिहाई: 'पार्श्वभूमी'ने घोळ केलाय. तिच्यामुळे पार्श्व मागे सरकलं.

शुद्धमती: नेपथ्याचंही तेच. संस्कृतात वेशभूषा किंवा पडद्यामागची जागा, आणि मराठीत आपण रंगमंचावरच्या सोफ्याला नेपथ्य म्हणतो.

देवगडकर: आमच्याकडे दशावतारात देव-राक्षसाचं युद्ध लागलं की पखवाजवाला नटाच्या पायांकडे बघून वाजवतो. नट दमला की ते त्याला प्रेक्षकांच्या आधी कळतं. संवाद लिहिलेले नसतात, तर संगीत कुठून लिहिलेलं असणार? याला आम्ही 'साथ' म्हणतो. ताई, 'साथसंगत' लिहून मोकळ्या व्हा.

तिहाई: साथ करणाऱ्याला कान लागतात. मशीनला कुठले? १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या गेममध्ये चार उतरते स्वर गोल गोल वाजतात. परग्रहवासी मरत जातात तसे उरलेले वेगाने सरकू लागतात, कारण मशीनला पडद्यावर रेखाटायची चित्रं कमी उरतात. त्यांच्याबरोबर ते चार स्वरही धावायला लागतात. हा फार तर लेहरा, तबल्याला आधार म्हणून पुन्हा पुन्हा वाजणारी धून.

देवगडकर: लेहरा धावतो होय? एकल तबल्यात लेहरा जागेवर असतो म्हणून तबलजीला हुंदडता येतं.

तिहाई: विलंबित संपून द्रुत सुरू झाल्यावर लेहरा काय घरी जातो?

गवतीचहा: मला शास्त्रातलं कळत नाही, पण एक सांगते. सुट्टीत मारिओ खेळायला मिळायचा तो आईच्या एका अटीवर, की टीव्हीचा आवाज बंद. दुपारी आजोबा झोपायचे. आम्ही दोघं भावंडं कितीतरी वेळा वेळ संपून मरायचो. घड्याळ वर कोपऱ्यात होतं, पण लक्ष सगळं उडीवर. मग एकदा मामाकडे आवाज चालू ठेवून खेळले. आकडा १०० वर आला तशी एक छोटी धून वाजली आणि तेच गाणं धावत सुटलं. माझे अंगठे घामेजले, पण पोचले झेंड्यापर्यंत! भावाला फोन करून सांगितलं, अरे, गाणं आपल्याला सांगत असतं. तेव्हा मला ते मागे वाजतंय असं वाटलंच नव्हतं.

बग_नाही_फीचर: याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. दोन तऱ्हा असतात. एक उभी: धून तीच, पण शत्रू दिसला की तिच्यावर ढोल चढतो, तो गेला की उतरतो. दुसरी आडवी: एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं. आडवीत खरी गोम म्हणजे कुठेही उडी मारली तर कानाला ठेच लागते. 'मंकी आयलंड २' (१९९१) या गेमसाठी मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची व्यवस्था केली, ती यासाठीच. त्यातल्या वुडटिक गावात एका घरातून दुसऱ्या घरात शिरलात तरी धून तुटत नाही, योग्य जागा येईपर्यंत थांबून मग वळते.

देवगडकर: म्हणजे सम बघून वळते. मग तिला कान नाहीत कसे?

शुद्धमती: 'संवादी संगीत' कसं वाटतं?

तिहाई: वादी-संवादी ऐकलंय ना? तो शब्द रागसंगीताने कधीच घेऊन ठेवलाय.

अर्धविराम: देवगडकर, 'साथसंगत' आवडला. आता 'लूप'ला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्याला, काय? 'आवर्तन' चालेल?

तिहाई: आवर्तन म्हणजे एक फेरी. फिरत राहतं त्याला आवर्तन म्हणत नाहीत.

ऊसवाला: आमच्याकडे आवर्तन कालव्याला सुटतं. तेही वेळेवर नाही.

पडीक: लूप म्हणा, सगळ्यांना कळतं. गेमच्या डबीला कॅसेट म्हणायचोच की आपण. ती तरी कुठे कॅसेट होती?

शुद्धमती: खरंच, ते चूकच आहे. कॅसेट फितीची असते. गेमची होती तिला मराठीत 'काडतूस' म्हणायला हवं.

गवतीचहा: "आई, काडतूस फुंकून लावू का?" असं म्हटलं असतं तर त्या दिवशी जेवायला मिळालं नसतं.

बग_नाही_फीचर: शुद्धमती, काडतूस पोर्तुगीज आहे हो. कार्तुशवरून आलंय.

शुद्धमती: बटाटा, पगारही तिथलेच. रुळलेल्या शब्दाला मी कधी नको म्हटलंय?

पडीक: मग लूपने काय घोडं मारलंय?

अर्धविराम: अहो, उद्या शुक्रवार आहे.

ऊसवाला: फुंकल्यावर खरंच चालायची का पण ती? की नुसती काढून परत बसवल्यामुळे?

देवगडकर: आम्ही शर्टाने पुसायचो.